मंजूर झालेलं गाणं पुन्हा उघडलं तेव्हा : एका प्लगिनच्या दोन व्हर्जनचं प्रकरण

पार्श्वभूमी

सात अभंगांचा अल्बम होता. गायिका शास्त्रीय बैठकीतल्या, संगीत संयोजक सांगलीचे, आणि ध्वनिमुद्रण व मिक्सिंग माझ्या पुण्यातल्या स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. एकीत गायचं, दुसरीत मी आणि माझा सहायक. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घडलं ते मात्र जसंच्या तसं सांगतो.

पैसे जमतील तसं एकेक गाणं पुढे सरकत होतं, त्यामुळे काम दीड वर्ष चाललं. पहिल्या तीन अभंगांचे मिक्स ताईंनी आणि निर्मात्यांनी ऐकून पसंत केले, त्यांचं मास्टरिंग, म्हणजे प्रसिद्धीआधीचं शेवटचं ध्वनिसंस्करण, झालं, गाणी लोकांपर्यंत पोचलीही. उरलेल्या चारांवर काम सुरू होतं.

सगळं विंडोजच्या मशीनवर, रीपर या ध्वनिमुद्रण-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. मांडणी साधी: आवाज, पेटी, तानपुरा, तबला-पखवाज, टाळ-चिपळ्या आणि सांगलीहून आलेल्या स्ट्रिंग्ज. आवाजाच्या बसवर आणि टाळांच्या बसवर (बस म्हणजे एका गटाचे ट्रॅक जिथे एकत्र येतात ती वाट) एकाच कंपनीचा कॉम्प्रेसर होता, म्हणजे आवाजातले चढ-उतार आटोक्यात ठेवणारा. कंपनीचं नाव घेत नाही. व्हॉल्व्हच्या जुन्या यंत्रासारखा चालणारा, आवाजाला किंचित ऊब देणारा हा प्लगिन, म्हणजे रीपरला जोडून चालणारं छोटं सॉफ्टवेअर. तिन्ही गाण्यांचा रंग बऱ्याच अंशी त्याच्यावर उभा होता.

मधेच एक जिंगलचं काम आलं. समोरच्या स्टुडिओने त्यांचं अर्धं झालेलं प्रोजेक्टच पाठवलं. योगायोगाने त्यांच्याकडेही हाच कॉम्प्रेसर होता, फक्त पुढच्या व्हर्जनचा. माझ्याकडे ते उघडलं तर प्लगिनची सगळी बटणं मूळ जागी येऊन बसलेली. नव्या व्हर्जनने लिहिलेली माहिती जुन्याला वाचता येत नव्हती. यात नवल काही नाही. कॉन्टॅक्ट (वाद्यांचे आवाज वाजवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना हे पाठच असतं: नव्या कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह केलेलं वाद्य जुन्यात उघडत नाही.

मी प्लगिन अपडेट केला. पाच मिनिटांचं काम. जिंगल गेलं, पैसे आले, आणि अपडेटची गोष्ट डोक्यातून निघून गेली.

हा या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण, आणि त्या वेळी तो निर्णय आहे हेच मला कळलं नाही. त्यांना एवढंच म्हणायला हवं होतं, की आवाजाचा ट्रॅक प्रक्रिया करून ऑडिओ म्हणून पाठवा. त्यांनी तो दहा मिनिटांत दिला असता.

अडचण कशी समोर आली

आषाढीच्या आधी सोलापुरात ताईंचा कार्यक्रम ठरला. आयोजकांना तिन्ही प्रसिद्ध अभंगांचे मायनस ट्रॅक, म्हणजे गायिकेचा आवाज काढलेले ट्रॅक, हवे होते. शिवाय कोरसचा आवाज वेगळा आणि टाळ वेगळे, म्हणजे मंचावर खरे टाळकरी असले तर ट्रॅकमधले टाळ काढता येतील. तालमीला नऊ दिवस होते.

मी सहायकाला सांगितलं, "तिन्ही प्रोजेक्ट उघड, स्टेम काढ, आणि आवाजासकट एक पूर्ण रेंडरही काढ, ताईंना स्वर-लयीची खात्री करायला पाठवू." स्टेम म्हणजे एकेका गटाची वेगळी ऑडिओ फाइल, आणि रेंडर म्हणजे प्रोजेक्टमधून काढलेली तयार ऑडिओ फाइल. त्याने दुपारपर्यंत काढून पाठवलं.

संध्याकाळी ताईंचा फोन. "अहो दादा, तुम्ही गाण्याला परत हात लावलात का? माझा आवाज पुढे आल्यासारखा वाटतोय. आणि टाळ कानाला टोचतायत."

"नाही ताई, काहीच केलं नाही. मास्टरिंग नाही ना त्यावर, म्हणून वेगळं वाटत असेल."

मी असं म्हणालो, कारण मला ते खरंच वाटलं. मास्टर झालेलं गाणं आणि त्याआधीचा मिक्स यांत फरक असतोच. पण ताई दीड वर्ष ही गाणी ऐकत होत्या. त्यांनी मास्टरच्या आधीचे मिक्सही पन्नास वेळा ऐकले होते. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कुठे बसलाय ते आमच्यापेक्षा लवकर कळतं, आणि मी त्यांना उत्तर देण्याआधी ऐकायला हवं होतं.

रात्री ऐकलं. त्यांचं बरोबर होतं.

पहिले दोन तास, जे वाया गेले

मी फेडर धरला. आवाज थोडा मागे घेतला, टाळांवर सात-आठ किलोहर्ट्झला थोडं कापलं. आवाजाची पातळी जमली, पण श्वास मोठे ऐकू येऊ लागले. श्वास ऑटोमेशनने दाबले, तर पेटी उघडी पडली. दोन तासांनी मिक्स वाईट नव्हता. पण तो वेगळा मिक्स होता. लोकांनी ऐकलेलं गाणं ते नव्हतंच.

कारण माहीत नसताना कानाने दुरुस्त करत बसणं ही मिक्सिंगवाल्याची जुनी खोड आहे. आपले हात तेवढंच जाणतात. त्या रात्री मी ते थांबवलं, आणि त्यातलं काहीही सेव्ह न करता प्रोजेक्ट बंद केलं. एवढी एक गोष्ट नीट झाली.

कारण शोधताना

दुसऱ्या दिवशी सकाळी नल टेस्ट लावली. ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी: मंजूर झालेला मिक्स, म्हणजे मास्टरिंगला पाठवलेली २४ बिटची फाइल, एका ट्रॅकवर ठेवायची. आजचा रेंडर दुसऱ्या ट्रॅकवर, सुरुवात अगदी सँपलला सँपल जुळवून. मग एकाचा फेज उलटा करायचा आणि दोन्ही एकत्र वाजवायचे. दोन्ही सारखे असतील तर एकमेकांना पुसून टाकतात आणि शांतता उरते. जे वेगळं असेल तेवढंच ऐकू येतं.

प्ले दाबलं. तानपुरा गेला, पेटी गेली, स्ट्रिंग्ज गेल्या, पखवाज गेला. उरला ताईंचा आवाज, दबका पण स्पष्ट, शब्द न् शब्द कळत होता. "विठ्ठल" आलं की त्यातल्या "ठ्ठ"चा ठोका वेगळा उठून यायचा आणि मागे टाळांची छनछन. बाकी सगळं पुसलं गेलं असताना नेमक्या दोन बस उरल्या होत्या, आणि त्या दोन्हींवर एकच प्लगिन होता. "ठ्ठ" उठून येत होता, म्हणजे कॉम्प्रेसर व्यंजनाच्या टोकाला पूर्वीपेक्षा वेगळ्या वेळी पकडत होता.

रिव्हर्बबद्दल, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या प्लगिनबद्दल, एक सांगायला हवं. ज्या रिव्हर्बमध्ये आतून हलतं मॉड्युलेशन असतं तो दर वेळी थोडा वेगळा वाजतो, म्हणून नल टेस्टमध्ये तो कधीच पूर्ण पुसला जात नाही. आमचाही नव्हता. त्यामुळे "काहीतरी ऐकू येतंय" एवढ्यावरून घाबरायचं नाही. काय ऐकू येतंय ते बघायचं.

मग अपडेटची आठवण झाली. नव्या व्हर्जनच्या बदलांची यादी काढून वाचली, जी अपडेट करताना वाचली नव्हती. आत ओव्हरसँपलिंग (आतला हिशेब जास्त सँपल दराने करणं) आलं होतं आणि "ऑटो गेन" नावाचं, पातळी आपोआप भरून काढणारं नवं बटण आलं होतं. माझ्या जुन्या प्रोजेक्टमध्ये या बटणाची काही नोंद असणं शक्यच नव्हतं, कारण तेव्हा ते बटणच नव्हतं. नोंद नसली की प्लगिन काय करणार? स्वतःची ठरलेली किंमत घेणार. ती होती "चालू". काळजी घेणारे निर्माते अशा वेळी जुनं प्रोजेक्ट ओळखून जुनीच वागणूक कायम ठेवतात. इथे तसं झालं नव्हतं.

ऑटो गेन बंद करून पाहिलं. पातळीतला साधारण दीड डेसिबलचा फरक गेला, पण "ठ्ठ" आणि टाळ तरीही उरले. ओव्हरसँपलिंग बंद करायची सोय दिलेली नव्हती. म्हणजे नव्या व्हर्जनमध्ये राहून जुना आवाज मिळणार नव्हता.

प्लगिनची ओळख कशावरून पटते

पुढचे पर्याय समजायला हा भाग लागतो.

व्हीएसटी ही प्लगिन जोडण्याची पद्धत स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली आपल्या क्यूबेस या सॉफ्टवेअरसोबत आणली. व्हीएसटी २मध्ये प्रत्येक प्लगिनला चार अक्षरांचा ओळखक्रमांक असतो. २००८ साली आलेल्या व्हीएसटी ३मध्ये तो १२८ बिटचा आहे. मॅकवरच्या ऑडिओ युनिटमध्ये चार-चार अक्षरांचे तीन संकेत असतात: प्रकार, उपप्रकार आणि निर्माता. नव्या व्हर्जनला नवा क्रमांक द्यायचा की जुनाच ठेवायचा हे प्लगिन बनवणारा ठरवतो. फॅबफिल्टर कंपनीच्या प्रो-क्यू या इक्वलायझरचे २, ३ आणि ४ हे वेगळे प्लगिन म्हणून शेजारी शेजारी राहतात. कॉन्टॅक्ट ६ आणि ७चंही तसंच. जुनं गाणं जुनंच उघडतं, नव्यासाठी नवं घ्यायचं. पण छोट्या अपडेटमध्ये क्रमांक तोच, फाइलचं नाव तेच, आणि नवी फाइल जुनीच्या जागी बसते. माझं तेच झालं होतं.

रीपरची प्रोजेक्ट फाइल साधा मजकूर असते, नोटपॅडमध्ये उघडते. मी उघडून पाहिली. प्लगिनचं नाव, फाइलचं नाव, ओळखक्रमांक, आणि खाली न वाचता येणाऱ्या अक्षरांचा गठ्ठा, म्हणजे बटणांच्या जागा. कोणतं व्हर्जन होतं हे त्या ओळीत नव्हतं. फाइल संगणकावर कुठे आहे तो पत्ताही नव्हता, नुसतं नाव. हे दुसरं पुढे फार कामाला आलं.

कोणतं व्हर्जन हवंय हे शोधायला संयोजक धावून आले. त्यांच्याकडे हाच प्लगिन त्याच सुमारास घेतलेला होता आणि त्यांनी तो कधी अपडेट केला नव्हता. फोनवरून सांगितलं, "फाइलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स बघा." त्यांनी आकडा वाचून दाखवला. माझ्या जुन्या डाउनलोडच्या यादीतल्या तारखांशी तो जुळला.

समोर आलेले पर्याय

पहिला, नव्या व्हर्जनवरच पुन्हा मिक्स बसवायचा. मंचावरच्या ट्रॅकला कोण एवढं तोलून बघणार, असं निर्मात्यांचं म्हणणं होतं. त्यांचंही चुकीचं नव्हतं, वेळ कमी होता. पण मायनस ट्रॅकवर ताई गाणार होत्या, आणि गाणाऱ्याचा आवाज ज्या जागेत बसतो ती जागा टाळ आणि पेटी मिळून बनवतात. टाळ टोचरे झाले तर ताई नकळत जोर लावणार. मी नाही म्हटलं.

दुसरा, नवं काढून जुनं टाकायचं. जिंगलच्या स्टुडिओकडून दुरुस्त्या अजून येत होत्या. एक गाणं वाचवून दुसरं बुडवायचं, असं झालं असतं.

तिसरा, जुन्या फाइलचं नाव बदलून दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवायच्या. ही युक्ती बरेच जण सांगतात. अडचण अशी की नाव बदललं तरी आतला ओळखक्रमांक तोच राहतो. तो पाहून चालणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन्ही एकच वाटतात, आणि नेमकी कोणती फाइल उघडली याची खात्री कधीच राहत नाही. जी अडचण सोडवायची तीच नव्या रूपात घरात घेतल्यासारखं.

चौथा सहायकाने सुचवला, आणि हुशार होता. "सर, जुन्याचं व्हीएसटी २ टाकू आणि नव्याचं व्हीएसटी ३ राहू दे. दोन वेगळे दिसतील." खरंच दिसतात. नवं काम सुरू करताना दोन व्हर्जन एकत्र हवे असतील तर हा मार्ग वाईट नाही. पण आमची तिन्ही प्रोजेक्ट व्हीएसटी ३ मागत होती. ती नव्याकडेच गेली असती, आणि प्रत्येक ठिकाणी हाताने बदलावं लागलं असतं. शिवाय व्हीएसटी २ला आता पुढे वाट नाही. स्टाइनबर्गने २०१८ सालीच त्याचं विकसन साहित्य देणं थांबवलं आहे.

पाचवा, सगळी प्रोजेक्ट सांगलीला संयोजकांच्या मशीनवर न्यायची. तिथे हा कॉम्प्रेसर होता, पण माझे बाकीचे प्लगिन नव्हते.

सहावा, रीपरची दुसरी, स्वतंत्र प्रत ठेवायची, जिला फक्त जुने प्लगिन दिसतील. रीपर बसवताना "पोर्टेबल" असा पर्याय मिळतो. मग त्या प्रतीच्या सगळ्या सेटिंग्ज तिच्याच फोल्डरमध्ये राहतात, मुख्य रीपरला धक्का लागत नाही. प्लगिन कुठे शोधायचे तेही प्रत्येक प्रतीला वेगळं सांगता येतं. आणि प्रोजेक्टमध्ये पत्ता नसून नुसतं नाव असतं, म्हणून तेच प्रोजेक्ट या प्रतीत उघडलं की तिच्या फोल्डरातला जुना प्लगिन उचलला जाणार.

हाच धरला.

काय केलं

आधी जुना इन्स्टॉलर मिळवायचा होता. कंपनीच्या पानावर फक्त ताजं व्हर्जन होतं. संयोजकांकडून फाइल उचलून आणायची नाही असं ठरवलं. त्यांचा परवाना त्यांचा, माझा माझा, आणि नुसती उचललेली फाइल आपल्याकडे नीट चालेल याची खात्रीही नसते. कंपनीला दोन ओळींचं पत्र लिहिलं: मंजूर झालेलं काम पुन्हा तसंच उघडायचं आहे, अमुक व्हर्जन हवं, माझा परवाना हा. दुसऱ्या दिवशी दुवा आला, एका शब्दाचाही वाद न घालता. मागितलं की मिळतं, हे मला त्याआधी ठाऊक नव्हतं, कारण कधी मागितलंच नव्हतं.

इन्स्टॉलर जुनी फाइल नेहमीच्याच जागी टाकणार, म्हणजे सी ड्राइव्हवर प्रोग्राम फाइल्स, त्यात कॉमन फाइल्स, त्यात व्हीएसटी ३. म्हणून क्रम असा ठेवला. नवी फाइल आधी बाजूला जपून ठेवली. जुना इन्स्टॉलर चालवला. तिथे आलेली जुनी फाइल डी ड्राइव्हवर "अभंग-प्लगिन" नावाच्या फोल्डरात नकलून घेतली. मग नवा इन्स्टॉलर पुन्हा चालवला आणि जिंगल उघडून खात्री केली. अर्धा तास गेला.

पोर्टेबल रीपरच्या शोधाच्या यादीतून नेहमीचा फोल्डर काढला आणि फक्त "अभंग-प्लगिन" ठेवला. दोन्ही फोल्डर यादीत राहिले असते तर एकाच नावाच्या दोन फाइल समोर आल्या असत्या. अल्बममधले बरेच प्लगिन रीपरसोबतच येणारे, रीईक्यू आणि रीकॉम्पसारखे, ते या प्रतीतही होते. बाहेरचे आणखी चार नव्या फोल्डरात नेले. तीन चालले. रिव्हर्ब चालला नाही, तो स्वतःच्या जागेवरून हलवला की उघडतच नव्हता. त्यासाठी वाट काढली: जुन्या कॉम्प्रेसरमधून गेलेला कोरडा आवाज पोर्टेबलमध्ये रेंडर करायचा, आणि मुख्य रीपरमध्ये आणून त्याच वाटेने (सेंडमधून) रिव्हर्बला द्यायचा.

या प्रतीची थीम मी तपकिरी केली. मुख्य रीपर करड्या रंगाचा. दोन्ही एकाच पडद्यावर उघडे असताना आपण कुठे आहोत हे रंगावरून कळावं एवढाच हेतू, आणि त्याने त्या आठवड्यात दोनदा तरी वाचवलं. प्रोजेक्टवर डबल क्लिक केलं की मुख्य रीपरच उघडतो, म्हणून डबल क्लिक बंद. आधी तपकिरी रीपर उघडायचा आणि आतूनच फाइल घ्यायची, असा नियम केला.

पहिलं गाणं. नल टेस्ट. प्ले दाबलं आणि दोघंही खुर्चीत पुढे झुकून ऐकत राहिलो. आवाज गेला. टाळ गेले. "विठ्ठल" आलं, "ठ्ठ" आला नाही. उरली रिव्हर्बची बारीकशी हवा, जिच्यात एकही शब्द ऐकू येत नव्हता. सहायक हळूच म्हणाला, "सर, हेच आपलं गाणं." दुसरं गाणंही तसंच आलं.

तिसरं आलं नाही.

तिसऱ्या गाण्याचं काय झालं

स्टेम काढायला पहिल्यांदा उघडलं त्या दुपारी सहायकाने तिसऱ्या प्रोजेक्टमध्ये ट्रॅकची नावं नीट केली होती आणि सवयीने सेव्ह केलं होतं. एकदा नव्हे, तीन-चार वेळा. सेव्ह करताना रीपर आधीची फाइल "आरपीपी-बॅक" म्हणून बाजूला ठेवतो, पण माझ्याकडे अनेक प्रती जपण्याचा पर्याय सुरू नव्हता. त्यामुळे बाजूला ठेवलेली प्रतही नव्या व्हर्जनचीच निघाली. जुन्या प्लगिनने ती उघडली तेव्हा सगळी बटणं मूळ जागी. जिंगलचं जे झालं होतं तेच, आता आपल्याच गाण्याचं.

बाहेरच्या डिस्कवर बॅकअप होता, पण मंजुरीच्या चार दिवस आधीचा. शेवटच्या दिवशी ताईंनी दुसरा अंतरा हलका मागितला होता, त्यासाठी मी कॉम्प्रेसरची थ्रेशोल्ड आणि ड्राइव्ह ही दोन्ही बटणं बदलली होती. ते बदल त्यात नव्हते.

मुलगा रडवेला झाला. मी त्याला सांगितलं की अपडेट मी केलं, प्रोजेक्ट उघडायलाही मीच सांगितलं, आणि "सेव्ह करू नको" हे मी बोललो नव्हतो. खरंही तेच आहे.

मग असं केलं. करड्या रीपरमध्ये नव्या व्हर्जनच्या खिडकीतले आकडे वाचायचे आणि तपकिरी रीपरमध्ये जुन्यात हाताने भरायचे. थ्रेशोल्ड, रेशो, अटॅक, रिलीज यांना आकडे होते, ते मिनिटात बसले. ड्राइव्हच्या बटणाला आकडाच नव्हता, नुसती खुणेची रेघ. तिथे नल टेस्टच फूटपट्टी झाली. दुसऱ्या अंतऱ्याच्या एका ओळीवर लूप लावला, बटण केसभर फिरवायचं, रेंडर करायचं, उरलेला आवाज किती खाली गेला ते बघायचं. एका बाजूला नेलं की शब्द पुन्हा वर यायचे, दुसऱ्या बाजूला नेलं की टाळ. एक पूर्ण संध्याकाळ गेली. शेवटी शब्द कळेनासे झाले, पण पहिल्या दोन गाण्यांइतकी स्वच्छ हवा काही उरली नाही. अगदी तळाशी एक बारीक कुजबुज राहिली, आणि ती तिथेच सोडली.

निकाल

तालमीच्या दोन दिवस आधी तिन्ही गाण्यांचे स्टेम सोलापूरला गेले. त्याआधी मी ताईंना फोन करून काय झालं ते सगळं सांगितलं, तिसऱ्या गाण्यात केसभर फरक असू शकतो हेही. त्यांनी तिन्ही ऐकले आणि म्हणाल्या, "आता माझं वाटतंय. पण दादा, त्या दिवशी मी म्हटलं तेव्हा तुम्ही लगेच ऐकलं असतं तर?" तर एक रात्र वाचली असती. मी तसंच कबूल केलं.

निर्मात्यांना हिशेब वेगळा द्यावा लागला. या कामाचे चार दिवस मी अल्बमच्या खर्चात धरले नाहीत, कारण चूक माझ्या बाजूची होती.

उरलेल्या चार अभंगांचं काय, हा प्रश्न होताच. ते जुन्या व्हर्जनवर संपवायचे की नव्यावर? सातही गाण्यांचा रंग एक राहावा म्हणून ते तपकिरी रीपरमध्येच पूर्ण केले. पाचव्या अभंगाच्या वेळी दोन्ही व्हर्जन शेजारी ऐकून पाहिले तेव्हा एकट्या आवाजावर नवं व्हर्जन मला जास्त आवडलं, हेही सांगायला हवं. त्याची टोकं गुळगुळीत आहेत. पण अल्बम अर्ध्यात येऊन पोचला होता.

आज पुन्हा वेळ आली तर

सगळ्यात मोठा फरक मी मंजुरीच्या दिवशी करीन. त्या दिवशी आम्ही मिक्सची एक फाइल काढली आणि पेढे वाटले. त्याच संध्याकाळी प्रत्येक बसचा स्टेम, प्रक्रियेसकट आणि प्रक्रियेशिवाय, असे दोन्ही काढले असते तर सोलापूरचं काम अर्ध्या तासाचं होतं. संयोजकांच्या स्ट्रिंग्ज या सगळ्या गोंधळात तशाच्या तशा राहिल्या, कारण त्यांनी पहिल्या दिवसापासून आपल्या वाद्यांचे ऑडिओच पाठवले होते, प्रोजेक्ट नाही. त्यांचा कॉन्टॅक्ट कोणत्या व्हर्जनचा आहे हे मला आजही माहीत नाही आणि कधी विचारावं लागलं नाही.

अपडेट चालू कामाच्या मध्ये करणार नाही. आणि करावंच लागलं तर आधी एक जुनं, मंजूर झालेलं गाणं उघडून रेंडर काढायचं, अपडेट करायचं, पुन्हा रेंडर काढायचं आणि दोन्ही एकमेकांवर उलटे टाकायचे. दहा मिनिटं लागतात. जुना इन्स्टॉलरही आता टाकून देत नाही. गाण्याच्या फोल्डरातच त्याच्यासाठी जागा केली आहे, आणि शेजारी एक साधी मजकूर फाइल: प्लगिनचं नाव, व्हर्जन, तारीख. प्रोजेक्ट ती नोंद ठेवत नाही, म्हणून आपण ठेवायची.

रीपरमध्ये अनेक प्रती जपण्याचा पर्याय त्याच आठवड्यात चालू केला. जुनी प्रोजेक्ट नुसती बघायला उघडायची असतील तर आम्ही आता फोल्डरची नक्कल करून नकलेतून उघडतो. सहायकाने स्वतःहून ही सवय लावून घेतली.

पोर्टेबल रीपरचा मार्ग सगळ्यांना जमेल असं नाही. जो प्लगिन एका फाइलमध्ये संपतो तो हलवता येतो. ज्याचा पसारा विंडोजच्या नोंदींत आणि इतर फोल्डरांत असतो तो आमच्या रिव्हर्बसारखा अडून बसतो. दोन्ही व्हर्जन प्रीसेट एकाच ठिकाणी साठवत असतील तर तिथेही गोंधळ होऊ शकतो. म्हणून तपकिरी रीपरमध्ये मी प्रीसेटला हात लावला नाही. मॅकवर तर आणखी वेगळं. २०१९ साली आलेल्या कॅटलिनाने ३२ बिटचं सगळंच बंद केलं, २०२०पासून ॲपलने स्वतःच्या चिपची मशीन आणली, आणि तेव्हा कित्येकांचे जुने प्लगिन एका रात्रीत गेले. तिथे जुनी फाइल जपून ठेवून भागत नाही, ती चालवणारं मशीनही लागतं.

माझंही मशीन कधीतरी बदलणार. त्या जुन्या कॉम्प्रेसरचा परवाना नव्या मशीनवर पुन्हा चालू होईल का, हे त्या दिवशीच कळेल. म्हणून अल्बम संपल्यावर एक रविवार काढला आणि सातही अभंगांचे सगळे स्टेम तपकिरी रीपरमधून काढून दोन डिस्कवर ठेवले. एक डिस्क स्टुडिओत आहे. दुसरी ताईंच्या घरी, तानपुऱ्याच्या खोळीशेजारच्या कपाटात.